पाकिटावरची बाई

बारावी कॉमर्सला आम्हाला एक प्रोजेक्ट होता, लहान व्यवसायाच्या मार्केटिंगचा. ओळखीतला एखादा छोटा धंदा निवडायचा, विक्री वाढवायचे उपाय सुचवायचे, ते करून पाहायचे आणि शेवटी निष्कर्ष लिहायचा. वर्गातल्या पोट्ट्यांनी मामाचं मेडिकल नाहीतर काकाची रसवंती घेतली आणि घरी पंख्याखाली बसून आकडे ठोकून दिले. मी मोठी शहाणी! मी तो खरोखर केला. आणि धंदा घेतला तोही कोणाचा, तर माझ्या आईचा.

आई कुरडया करायची. अमरावतीचा उन्हाळा माणसांना नको असला तरी कुरडयांना मानवतो. आंबवलेल्या गव्हाचा चीक काढायचा, पहाटे तो हाटायचा, ऊन चढायच्या आत सोऱ्यानं स्लॅबवरच्या जुन्या लुगड्यावर पाडायच्या. चीक हाटताना आईच्या हाताला फोड यायचे. तिच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र असत आणि तळल्या की कढईभर फुलत. हे मी लेक म्हणून सांगत नाही, सगळी पेठ सांगायची. फक्त कोणाच्या हातच्या, ते पेठेला ठाऊक नव्हतं.

कारण आई माल द्यायची बाजारातल्या एका किराणा दुकानदाराला. तो काचेच्या मोठ्या बरणीत भरून ठेवायचा. बरणीवर काही लिहिलेलं नसे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "घरगुती हायेत. एका बाईच्या हातच्या." आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि महालक्ष्म्यांना बरणी बघता बघता रिकामी व्हायची. आमच्या घरी ना आखजी, ना महालक्ष्म्या. आजोबांच्या वेळेपासून आम्ही बौद्ध. पण अर्ध्या पेठेचा नैवेद्य दरवर्षी आमच्या स्लॅबवर वाळत होता, आणि आईला त्याची मनातून गंमत वाटायची.

आमचे कॉमर्सचे सर मनानं चांगले. खडू हातात घेतला की रंगून जायचे. "गिऱ्हाईक वस्तू विकत घेत नाही, विश्वास विकत घेतं," असं सांगून त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: नाव, चेहरा, पत्ता. मालकाचं पूर्ण नाव टाका, फोटो टाका, पत्ता टाका, माल आपोआप उचलला जातो. मी ते वहीत उतरवलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि घरी येऊन आईला सांगितलं.

आईनं हातातलं काम ठेवलं. "माहा फोटो? पाकिटावर?"

"हो. आणि नाव."

"पुरं नाव?"

"पुरं."

ती लाजली. इतकी की पदर तोंडावर घेतला. माझ्या आईला लाजताना मी तेव्हाच पाहिलं. आयुष्यभर तिला कोणी 'अवो बाई' म्हणायचं, कोणी माझं नाव घेऊन 'तिची माय' म्हणायचं, बाबा तर 'आयकलं का' म्हणायचे. तिचं नाव होतं ते रेशन कार्डावर आणि मतदार यादीत.

बाबा सरकारी कचेरीत शिपाई होते. त्यांना कोणी नाव विचारलं की ते स्वतःचं नाव सांगून थांबायचे. समोरचा वाट पाहत राहायचा, बाबा खिडकीबाहेर पाहत राहायचे. ते जेवता जेवता एवढंच बोलले, "माल खपून राहिला ना? मंग नाव कायले पायजे?"

"सरनं सांगतलं," आई म्हणाली.

"सरले काय लागते सांगाले. घी देखा, पन बडगा नाई देखा अजून." आणि ते हात धुवायला उठले. मला त्यांचा राग आला. म्हटलं, ह्यांना बायकोचं कौतुक सोसत नाही.

आईनं निळी साडी नेसून स्टुडिओत फोटो काढला. फोटोवाला म्हणाला हसा, तर ती आणखीच गंभीर झाली. स्टिकर छापून आले: मधे आई, खाली तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आमच्या नगराचा पत्ता आणि फोन नंबर. आमच्या भागात आडनाव वाचलं की जात कळते. कोणाला आडनावानं कळली नाही तर नगराच्या नावानं कळते. आम्ही दोन्ही टाकलं होतं, ठळक अक्षरात. त्या उन्हाळ्यात आईनं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कुरडया पाडून ठेवल्या होत्या, कारण पुढच्या वर्षी मला बी.कॉम.ला घालायचं होतं. सगळा माल पाकिटांत भरला. बरणी रिकामी करून दुकानदारानं पाकिटं मांडली आणि आईचा फोटो पाहून म्हणाला, "वा बाई, तुमी तं हिरोईन झाल्या!"

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. मी रोज कॉलेज सुटलं की दुकानात प्रश्नावली घेऊन उभी राहायची. आपण हे उत्पादन घेतले का? नसल्यास का नाही? पुढं चौकटी: किंमत, चव, पॅकिंग, इतर.

पहिली बाई आली ती दर वर्षी बरणीतून घेणारी. तिनं पाकीट उचललं, फोटो पाहिला, कौतुकानं हसली, मग खालचं वाचलं. वाचलं आणि पाकीट ठेवून दिलं, जागच्या जागी, अगदी हळू. "काका, त्या बरणीतल्या नाहीत का?"

"त्याच हायेत ताई. आता पॅकिंग केलं."

"नको मग. घरी पडल्या आहेत मागच्या."

मी प्रश्नावली पुढं केली. तिनं ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, "तुझं आडनाव काय गं?" मी सांगितलं. तिनं पेनाचं टोपण लावलं आणि कागद कोरा परत केला.

नंतर तेच. पाकीट उचलायचं, वाचायचं, ठेवायचं. एकीनं 'इतर' वर खूण केली. का, असं विचारलं तर म्हणाली, "असंच." माझ्या प्रश्नावलीत त्या गोष्टीसाठी चौकटच नव्हती. कोण कशाला देईल? कोणी भांडलं नाही, कोणी वाईट शब्द काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. भांडलं असतं तर मी दोन द्यायला तरी उभी होते!

महालक्ष्म्यांच्या आधी दुकानदार घरी आला. आईनं चहा ठेवला. त्यानं तो पिऊन कप खाली ठेवला आणि म्हणाला, "हे पाहा, मले काई नाई. मी तं तुमच्या घरचा चहा पेतो. पन गिऱ्हाईकाले कोन सांगन?" मग त्यानं उपाय काढला. नाव काढा, फोटो बदला. त्याच्या ओळखीच्या प्रेसवाल्याकडे तयार चित्रं होती.

ते चित्र मी विसरणार नाही. डोक्यावरून पदर, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात सूप, आणि चेहऱ्यावर असं हसू की बाई जन्मात चुलीपुढं बसली नसावी. खाली एका देवीचं नाव आणि पुढं 'गृहउद्योग'. ज्या देव्या आजोबांनी घरातून बाहेर काढल्या, त्यातली एक पाकिटावर बसून परत आली. संपर्कासाठी तेवढा आईचा नंबर राहिला, कारण नंबराला जात नसते.

मी म्हणाले, नाही म्हणजे नाही. पाय आपटले, रडले. बाबा 'मी सांगत होतो' असं म्हणाले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. आई म्हणाली, "माल सडवू का मंग? अन् तुले कुठं पाठवू, वावरात?"

तिनं एकेक पाकीट फाडलं आणि कुरडया नव्या पाकिटांत भरल्या. खाली मोडक्या चुऱ्याचा ढीग झाला. उरलेले स्टिकर तिनं फेकले नाहीत. घरातल्या डब्यांवर लावले. तुरीच्या डाळीच्या डब्यावर आई, साखरेच्या डब्यावर आई, मिठाच्या बरणीवर पूर्ण नावानिशी, पत्त्यासकट आई. पाव्हणे हसायचे. ती म्हणायची, "चांगला गोंद हाये, वाया कावून घालवू?"

नवी पाकिटं महालक्ष्म्यांच्या आत संपली. ती पहिली बाई तीन घेऊन गेली. म्हणाली, ह्या कशा, आधीसारख्या आहेत.

मी निष्कर्ष लिहिला: 'उत्पादकाचे आडनाव वाचून ग्राहकांनी माल घेणे बंद केले. माल तोच होता.' सरांनी लाल पेनानं त्यावर आडवी रेघ मारली. मला स्टाफरूमच्या दाराशी बोलावून हळू आवाजात म्हणाले, "बेटा, हा मार्केटिंगचा प्रोजेक्ट आहे, समाजशास्त्राचा नाही. असं लिहीत नसतात. कारण शोध ना काहीतरी. पॅकिंग आकर्षक नव्हतं, असं लिही."

"सर, पॅकिंगवर माझी आई होती."

त्यांचा चेहरा उतरला, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते. पण रेघ त्यांनी काढली नाही. 'आकर्षक चित्रामुळे विक्रीत लक्षणीय वाढ झाली,' असं शेवटी छापलं गेलं, आणि ते खोटं नव्हतंच. वर्गात माझा प्रोजेक्ट पहिला आला. सर पुढची कित्येक वर्षं तो नव्या मुलांना दाखवायचे, असं मी ऐकलं.

धंदा वाढला. नथवाली बाई बडनेऱ्याला पोचली, मूर्तिजापूरला पोचली, अकोल्यालाही आली. तिच्या जिवावर माझं बी.कॉम. झालं, एम.कॉम. झालं, बँकेची परीक्षा झाली. आता मी अकोल्यालाच नोकरीला आहे. बाबा गेले. आई अमरावतीलाच राहते, उन्हाळ्यात हाताखाली बायका घेते, पण चीक अजून स्वतः हाटते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहते. आम्ही नवराबायको राहायला आलो त्या दिवशीच तिनं सांगितलं, "आम्ही तसलं काही मानत नाही हं." न मानणाऱ्याला हे सांगावं का लागतं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मागच्या वर्षी महालक्ष्म्यांना तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. आई माझ्याकडे आली होती, तिलाही आग्रहानं नेलं.

पान वाढलं. पुरणपोळी, आंबील, भाज्या, आणि वर तळलेली कुरडई. मी ती पाहूनच ओळखली. आईनं तर तुकडा मोडला तेव्हाच ओळखली असणार, पण ती जेवत राहिली.

"काकू, कुरडई घ्या ना आणखी," ती बाई म्हणाली. "आम्ही दुसऱ्या आणतच नाही. तुमच्यात करतात का हो कुरडया?"

तुमच्यात.

आईनं घास गिळला. "करतात ना. ह्या माह्याच हातच्या हायेत."

पंगत हसली. ती बाई तर टाळी देऊन हसली. "काय काकू, तुम्ही पण!" आणि आत जाऊन पाकीट घेऊन आली. "ही बघा, ही बाई करते. अमरावतीची आहे. चांगल्या घरची दिसते की नाही?"

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "मागं नंबर आहे. लावून बघा."

तिला वाटलं, खेळ चाललाय. हसत हसत तिनं नंबर लावला. आईच्या कापडी पिशवीत फोन वाजायला लागला. आईनं तो उचलला नाही. तिचे हात पुरणाचे होते. ती बाई कानाला फोन लावून उभी, पिशवी वाजते आहे, आणि पंगतीत कोणी कोणाकडे बघेना. शेवटी ती म्हणाली, "अय्या, असं का," आणि भात कोणाला हवा ते विचारायला लागली. तिच्या स्वतःच्या ताटातली अर्धी कुरडई तशीच राहिली. मी मुद्दाम पाहिलं.

यंदाही तिनं बोलावलं. माणूस म्हणून ती वाईट नाही, असं मी नवऱ्याला सांगते, आणि मग माझाच मला राग येतो. यंदा पानावर कुरडया होत्या, पण दुसऱ्या होत्या. पिवळट आणि चिवट.

मी आईला फोन करून सांगितलं. मला वाटलं, लागेल तिला. ती म्हणाली, "औंदा स्टिकर संपत आले. नवे छापाचे हायेत. माहं नाव टाकतो मी. फोटो बी. निळ्या साडीतलाच."

"आई, माल खपणार नाही," मी म्हणाले. बाबांचाच आवाज निघाला माझ्या तोंडून.

"नाई खपला तं नाई खपला. थे नाव तुह्या शिक्षनासाठी काढलं होतं मी. तुहं शिक्षन झालं ना आता?"

"हो," म्हटलं. "झालं."