घंटीबाई

आमच्या कला परिषदेत अनुदानासाठी गायक निवडतात, तेव्हा वेळ संपली की टेबलावरची घंटी वाजवायचं काम घंटीबाईंचं. टण् झालं की तान अर्धी राहिली तरी गाणाऱ्यानं उठायचं. लोकांचे शिव्याशाप बाईंना. निर्णय घेणारे साहेब नामानिराळे!

खरं तर बाई स्वतः गाणाऱ्या. गाण्याच्या जवळ राहता येईल म्हणून नोकरीला लागल्या आणि दुसऱ्यांची गाणी तोडण्यात जन्म गेला.

त्यांच्या निरोपसमारंभात मीच हट्ट धरला, "ताई, आज तुम्ही गा. आज कोण अडवतंय तुम्हाला?"

नाही नाही म्हणत त्या नेहमीच्या टेबलामागे उभ्या राहिल्या. आवाज अजून शाबूत होता. पेंगणारे हिशेबनीसही सावरून बसले. पहिली ओळ झाली, दुसरी वर चढू लागली आणि बाईंचा हात सवयीनं घंटीवर पडला.

टण्!

बाई जागच्या जागी थांबल्या. "धन्यवाद," म्हणाल्या आणि मुकाट्यानं खाली बसल्या.

आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, दाराकडे बघू लागलो, पुढचा कोण म्हणून.