गळ अक्काच्या हाती

रावेरला भाऊच्या ओट्यावर आमचा बेत सांगितला, तर भाऊ पोट धरून हसला. "अक्का मासे धरणार? तिने जन्मभर नुसते साफ केलेत!" खोटं नव्हतं. लहानपणी भाऊ नदीवर गळ टाकायचा आणि राख लावून खवले काढायची अक्का. बाईने गळाला शिवायचं नाही, असा घरचा दंडक. एकसष्टाव्या वर्षी अक्का चार एकर केळी एकटी सांभाळते, पण गळ तिने कधी धरला नव्हता. मी तिची धाकटी बहीण. भाऊचं ते हसणं माझ्या डोक्यात गेलं. दुसऱ्याच दिवशी गाडी काढली.

यावल, चोपडा, शिरपूर. चार तास धरा, पुढे केळीचे ट्रक लागले तर पाच. पेट्रोल शिरपूरलाच भरा. पुढे सातपुड्यात, ओढ्याकाठी गावकऱ्यांनी चालवलेलं छोटं उद्यान आहे. तंबू, गळ, कळण्याची भाकरी आणि ठेचा धरून माणशी सहाशे.

राखणदार नाना म्हणाले, "बाईना हातमा मासा येस नही."

"पैसे बाईच्याच हातून घेतले ना, नाना? मंग गळ बी द्या," अक्का म्हणाली.

नानांनी नाराजीने गळ दिला, सोबत आमिषाला डबाभर गांडुळं. मी तंबू ठोकून येते, तो डबा रिकामा! अक्काने सगळी गांडुळं उंबराखालच्या ओल्या मातीत सोडली होती.

"केळीच्या बुडाशी टाकाले मी इकत आणते, अन् या गांडुळायले काट्यावर टोचू?"

"बठ्ठा डबा रिकामा करी दिधात?" नानांनी कपाळावर हात मारला.

मला रडू यायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परतायचं होतं आणि भाऊ ओट्यावर टपलेला. अक्काने मात्र स्वयंपाकघरातून कळण्याचं पीठ मागितलं. ज्वारीत उडीद असल्याने ते चिकट. त्याच्या गोळ्या वळून ती पहाटेच काठावर बसली. नऊपर्यंत काही नाही. नाना दोनदा मुद्दाम खोकून गेले.

मग दोरी ताणली. मी धावले, तर अक्का ओरडली, "हात लावू नको!" तिने एकटीने ओढला. वीतभरच मासा, पण जिवंत, उड्या मारणारा.

नाना हळूच म्हणाले, "अक्का, पीठमा काय टाकं व्हतं?"

"काही नाही. हात बाईचा व्हता."

शिरपूरला थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून मासा घरी आणला. सांगायला हवं, तिथे डास फार आहेत आणि दगडावर बसून माझी कंबर अजून दुखते. तरी जा. बायांनी तर जाच.

अक्काने डबा भाऊपुढे ठेवला, शेजारी राखेची वाटी. भाऊ वहिनीकडे बघू लागला.

"तिच्याकडे काय पाह्यतो?" अक्का म्हणाली. "धरला मी. साफ तू कर."