डॉक्टरांच्या गाडीतला लाल दिवा

शिरूरला मी एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो, तेव्हाची म्हणजे साठ सालानंतरची ही गोष्ट. आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांनी मेंढरंच राखली होती. पोरगं मोटार चालवतं याचा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इतका अभिमान की बाजारात कुणी भेटलं की ते स्वतःच विषय काढत. त्यामुळे माझ्याही डोक्यात जरा हवा गेलेलीच होती. गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपायचा नाही.

गाडी नवी होती. डॉक्टरांच्या जुन्या गाडीत इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणारा काटा होता, हिच्यात नुसता एक लाल दिवा. किल्ली फिरवली की लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. चालत्या गाडीत लागला तर मात्र तेलाचा दाब गेला, इंजिन कोरडंच घासतंय असं समजायचं आणि जागच्या जागी थांबायचं. हे मला पाठ होतं. त्या वर्षी दसऱ्याला मी गाडीला बाहेरून हार घातलाच, पण बॉनेट उघडून आत इंजिनालाही झेंडूचा हार बांधला. खरे कष्ट ते करतं, मग मान नुसत्या पत्र्याला का, असं माझं म्हणणं.

दिवाळीत डॉक्टरांचे मेव्हणे आले. दोन दिवस त्यांनी गाडी स्वतः चालवली, रांजणगावच्या गणपतीला नेऊन आणली, आणि मी ओट्यावर बसून दातओठ खात राहिलो. ते परत गेले त्याच आठवड्यात ते घडलं. दर गुरुवारी डॉक्टर दौंडला पेशंट तपासायला जात. दौंड दोनेक मैलांवर राहिलं असेल, आणि तो दिवा लागला.

मी गाडी कडेला घेऊन बंद केली. एकदा क्षणभर सुरू करून पाहिली, दिवा तसाच. डॉक्टर खाली उतरले आणि चष्मा पुसत म्हणाले, "संपलं. इंजिन गेलं. नवं इंजिन बसवणं माझ्याच्यानं होणार नाही. येईल त्या भावात विकून टाकू. मी आपला पूर्वीसारखा एसटीनं फिरेन."

"आन् मी, साहेब?"

एसटीला ड्रायव्हर असतो हे मलाही कळत होतं. आबांसमोर कोणत्या तोंडानं जायचं, एवढंच डोक्यात घोळायला लागलं, आणि मी भडकलो.

"साहेब, ही सगळी तुमच्या मेव्हण्यांची करणी. दोन दिस नुसती बडवली त्यांनी गाडी. किल्ली देऊ नगा म्हणून म्या तवाच सांगत हुतो."

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "खरं आहे. त्याचा हात जडच आहे."

ते ऐकून मला बरं वाटलं, हे आता कबूल करतो.

जवळच्या रानातल्या एका शेतकऱ्यानं बैलजोडी आणली, दोर बांधला आणि आमची नवी मोटार बैलांमागं दौंडात शिरली. बाजारात एकानं तर "पेंड किती लागती हिला?" म्हणून विचारलं. मी चाक धरून खाली मान घालून बसलो होतो.

स्टेशनामागं एका मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. आधी रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. डॉक्टरांनी गेल्या गेल्या सांगून टाकलं, "चाचा, इंजिन गेलंय. दिवा लागलाय."

"दिवा लागला म्हंजी दिवा लागला," चाचा म्हणाले. "इंजिन गेलं हे कुणी सांगितलं? तुमच्याकडं पोट दुखतंय म्हणून कुणी आलं, तर लगेच पोट फाडता का, डॉक्टर?"

त्यांनी आधी तेल मोजायची दांडी काढून पाहिली. तेल भरपूर होतं आणि स्वच्छ होतं. इंजिनाच्या मागच्या अंगाला, खाली अंधारात, दिव्याचा स्विच असतो. त्याची वायर त्यांनी हातानंच चाचपून काढली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. दिवा लागला नाही.

"वायर मधीच कुठं टेकली असती तर आत्ता बी दिवा लागला असता. म्हंजी वायरीत दोष न्हाई. आता एकतर ह्यो स्विच खोटं बोलतोय, न्हाईतर दाब खरंच न्हाई."

स्विच खोलून त्यांनी बाजूला रॉकेलच्या डब्यात टाकला आणि त्याच्या जागी एका जुन्या ट्रकचं काट्याचं मीटर नळीसकट बसवलं. "चालू कर, पोरा." मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि काटा सरसर वर चढला, चढून तिथंच थांबला. डॉक्टर "अरे वा!" म्हणून ओरडले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

मग चाचांनी रॉकेलमधून स्विच वर काढला. त्याच्या मानेला बारीक तारेचा वेढा होता. तारेला वाळकं देठ आणि दोन-चार काळ्या पडलेल्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

ती माझ्याच हाराची तार होती. इंजिनाच्या उष्णतेनं दोरा जळेल म्हणून झेंडू तारेत ओवला होता मी. हाराचं मागचं टोक अडकवायला स्विचची ती खुंटी सोयीची वाटली होती. फुलं वाळून गळाली, तार सैल होऊन स्विचच्या टोकाला आणि इंजिनाला एकाच वेळी टेकली, वीज तिच्यातूनच वाहिली, आणि दाब चांगला असताना दिवा लागला.

चाचांनी माझ्याकडे एकवार पाहिलं आणि तार मुठीत दाबून टाकली. "स्विचमधी कचरा हुता, डॉक्टर. साफ केला. गाडी झकास हाय."

झालं असतं तेवढ्यावर. माझी नोकरी राहिली होती. पण मेव्हण्यांवर घेतलेला आळही तसाच राहणार होता, आणि तो मला गिळवेना.

"कचरा न्हाई, साहेब," मी म्हणालो. "दसऱ्याचा हार हाय. म्याच बांधला हुता, तारेनं. तुमच्या मेव्हण्यांचा काय बी दोष न्हाई."

चाचांनी मूठ उघडली आणि डॉक्टरांनी ती तार निरखून पाहिली. चाचांनी स्विच परत बसवला आणि डॉक्टर गाडीत बसले. त्यांनी पेशंट तपासले, आम्ही परत निघालो. दिवा विझलेला होता. वाटेतल्या न्हावरे गावाच्या अलीकडे ते एकदम म्हणाले, "मेव्हण्याला माफीचं पत्र पाठवायचं. तू सांग, मी लिहितो. खाली दोघांची सही."

"तुमची कशाला, साहेब?"

"तू आळ घेतलास. पण न तपासता खरा मानला तो मी. चाचांनी निदान दांडी तरी काढून पाहिली."

हाराची, तारेची सगळी हकीकत लिहून पत्र गेलं. उत्तर आलं नाही, म्हणून मी वर्षभर मनात खजील होतो. पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोस्टमन माझ्या नावाचं एक लहानसं पार्सल घेऊन आला. माझ्या नावानं टपालानं आलेली ती पहिलीच वस्तू. पाठवणाऱ्याच्या जागी मेव्हण्यांचं नाव होतं. आत चिठ्ठी नव्हती, जाड पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ होतं.