पाहुण्यांच्या बाजूला बसणारा व्हर्लिन

व्हर्लिन केसल आमच्या कॉलेजच्या मैदानावर यायचा आणि मुद्दाम पाहुण्या संघाच्या बाजूला बसायचा. नॉर्थ डकोटातला बोचरा वारा तिथे थेट तोंडावर येतो. तो अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलच्या एका मोठ्या क्लबसाठी खेळाडू हेरायचा, मी इथला कोच. आमची मैत्री जुनी, पण मैदानावर हा बाबा मला ओळखही दाखवायचा नाही. मला भयंकर राग यायचा.

"आवडलेल्या पोराशी बोलायचं नाही, त्याच्या कोचशीही नाही," तो म्हणायचा. "बाकीच्या क्लबांना लगेच वास लागतो."

ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तेव्हा, अगदी शेवटच्या फेरीत कोणी घेतलं तर घेतलं, अशी पोरं तो शोधायचा. चेंडू कोणाकडे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. तो स्पेशल टीम, म्हणजे चेंडू लाथाडण्यापुरता मैदानात उतरणारा गट, बघायचा. चेंडू लाथेने उंच उडवला की त्याच्या मागे जीव तोडून कोण धावतो आणि झेलणाऱ्याला जागीच कोण लोळवतो, एवढंच.

त्या वर्षी त्याचा डोळा आमच्या कॉर्बिन ट्वेटवर होता. दोघे अडवायला आले तरी कॉर्बिन निसटून सगळ्यांच्या आधी पोचायचा. क्लबने व्हर्लिनला बजावलं होतं, यंदाही तुझं एक पोरगं संघात आलं नाही तर दुसरं काम बघ. बायको केव्हाच सोडून गेलेली. गाडी, मोटेल आणि हे काम, एवढाच त्याचा संसार.

ड्राफ्टच्या शनिवारी तो आमच्या स्वयंपाकघरात फोन घेऊन बसला. शेवटची फेरी सुरू झाली.

"आता घ्या त्याला," तो ऑफिसला म्हणाला.

"अरे, तूच सांगितलंस ना, त्याचं नाव कोणालाच माहीत नाही?" पलीकडचा हसला. "मग निवड कशाला वाया घालवू? संपल्यावर आयताच मिळेल."

ड्राफ्ट संपला. न निवडलेली पोरं आता हव्या त्या क्लबात जायला मोकळी होती. व्हर्लिनने लगेच कॉर्बिनला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"सॉरी, मिस्टर केसल. मी दुसऱ्यांना हो म्हणून बसलो."

"कधी?"

"आत्ताच. त्यांचा माणूस हिवाळ्यात घरी आला होता. आईच्या हातची लेफ्सा, बटाट्याची पोळी, खाऊन गेला. तुम्ही इतक्यांदा आलात, पण साधं हॅलो नाही. आई म्हणायची, त्या माणसाला तू आवडत नाहीस."

"मला तू पहिल्या दिवसापासून आवडलास, बाळा."

कॉर्बिन म्हणाला, "मग सांगायचं ना."

माझ्या बायकोने व्हर्लिनपुढे ओव्हनमधून काढलेल्या हॉटडिशची, मांस-बटाट्याच्या गरम जेवणाची, बशी ठेवली. मला त्याची कीव आली आणि रागही तितकाच आला.

"तुलाही वाटायचं का रे," त्याने विचारलं, "की मला तू आवडत नाहीस?"

खोटं बोलायला हवं होतं, पण जमलं नाही.

"वाटायचं," मी म्हणालो. "अजूनही वाटतं."

काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, पण मनातलं बोलायची त्याला सवयच उरली नव्हती. मान खाली घालून तो जेवू लागला.