फिलोमावशींचा रुबार्ब

फिलोमावशी माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या तेच ओरडून. "अळू नाय तो! टाक खाली!"

मी कॅनडात, सस्काटूनला नवीनच आलो होतो. खाणीच्या कंपनीत नोकरी, बायको आणि मुलगी नाशिकला आणि मी एका बेसमेंटमध्ये भाड्याने. जूनमधल्या एका रविवारी मागच्या गल्लीत कचरा टाकायला गेलो, तर शेजारच्या कुंपणाशी हातभर रुंद पानांचा ढीग पडलेला. हिरवीगार, ताजी पानं. मला अळूवडीशिवाय दुसरं काही सुचेना. तिथूनच बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि एक पान कॅमेऱ्यासमोर धरलं. "अळूच की रे!" ती म्हणाली. "चिंच जास्त घाल, म्हणजे खाजणार नाही." मी बाकीची पानं उचलायला वाकलो आणि त्या घराच्या मागच्या पायरीवरून ती आरोळी आली. पान हातातून गळलंच.

पायरीवर एक ठेंगणी, सत्तरी उलटलेली बाई उभी होती. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक आणि वर पुरुषी स्वेटर. "हा रुबार्ब. देठ खायचा. पान विषारी," त्या म्हणाल्या. "आख्खी नोकरी नर्स म्हणून केली इथं, पण कोणाच्या पोटातून अळूवडी काढायची पाळी नव्हती आली." फोनमधून बायको घाबरून "कोण आहे? कोण आहे?" करत होती. मावशींनी फोन माझ्याकडून घेतला, आपण वसईच्या असल्याचं सांगितलं आणि सुक्या बोंबलांवरून गप्पा सुरू केल्या. त्या दोघींची ओळख होईपर्यंत मी तिथेच कचऱ्याची पिशवी धरून उभा होतो.

रुबार्बचं ते आळं त्यांच्या नवऱ्याने लावलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, स्वेटर त्याचाच. मुलगा टोनी व्हँकुव्हरला, सिनेमाच्या युनिटमध्ये. घरात त्या एकट्या. हिवाळ्यात मी त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून द्यायचो आणि उन्हाळ्यात त्या मला जेवायला बोलवायच्या. खरं सांगायचं तर दोघांनाही बोलायला माणूस हवं होतं, बाकी सगळं निमित्त.

रुबार्बला त्या सुरी लावू देत नसत. देठ अगदी बुडाशी धरायचा, किंचित पिळायचा आणि ओढायचा. टक्‌ असा आवाज आला पाहिजे. "कापलास तर बुडखा उरतो, तो कुजतो," त्या सांगायच्या. "ओढ बिनधास्त. पण सगळं नको काढू, अर्धं झाडाला ठेव." पानं तिथल्या तिथे तोडून टाकायच्या आणि देठ फ्रॉकच्या ओच्यात घेऊन घरात. वसईला त्या कैरीचं जे जे करत, ते सगळं इथे रुबार्बचं व्हायचं. आंबट वरण, गूळ आणि मेथ्या घालून मेथांबा, बोंबलाचं कालवण. "शेवटी घाल रे बाबा, लगेच विरघळतो," हे त्या मला दर खेपेला सांगत, जसा काही मी मठ्ठच. होतोही थोडा.

कोवळा देठ मात्र तिखट-मीठ लावून कच्चा खायचा. टोनी लहानपणी मागच्या पायरीवर बसून तसाच खायचा. शेजारची पोरं साखरेत बुडवून खात आणि हा बशी पुढे करून म्हणायचा, "अजून तिखट!" मावशी ते सांगताना हसायच्या. "सगळं मराठी विसरला. एवढंच उरलंय त्याच्याकडे."

"रुबार्ब कोणासाठी थांबत नाय," असंही त्या म्हणत, आणि देठ जून होण्याआधी काढून मोकळ्या होत. पण गेल्या वर्षी टोनी जूनमध्ये येतो म्हणाला आणि त्यांनी एका झाडाला हातच लावला नाही. मलाही लावू दिला नाही. मग त्याचं शूटिंग लांबलं. "नेक्स्ट वीक, मॉम, फॉर शुअर," तो स्पीकरवर म्हणाला, ते मी ऐकलं. पुढच्या आठवड्यातही तेच. झाडाला फुलाचा दांडा आला, देठ अंगठ्याएवढे जाड झाले. मी म्हटलं, "मावशी, आता तरी काढा." त्या म्हणाल्या, "राहू दे. येईल तो."

जुलै सरत आला तेव्हा त्यांनीच एका संध्याकाळी ते सगळे देठ ओढले. दोर सोलत बसल्या आणि मेथांबा केला. चोथा लागत होता. वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "खा तू. कोणीतरी खायला पायजे." स्वतः खाल्ला नाही. मला टोनीचा राग आला. मग घरी गेल्यावर मुलीचा मिस्ड कॉल दिसला आणि राग कोणावर काढावा ते कळेना.

फेब्रुवारीत मावशी झोपेतच गेल्या. टोनी आला, चर्चमध्ये इंग्रजीत चार शब्द बोलला, घर विकायला काढून परत गेला. आळ्यावर तेव्हा गुडघाभर बर्फ होता.

या जूनमध्ये तो नव्या मालकाला किल्ल्या द्यायला आला. घर रिकामं झालं होतं. मी कुंपणातून पाहिलं तर तो खिशातला चाकू उघडून आळ्यापाशी वाकलेला. मी ओरडलोच. "नो, नो! डोन्ट कट इट!" जाऊन त्याला दाखवलं, बुडाशी धर, थोडा पीळ, ओढ. टक्‌ झालं. मी घरातून बशीत तिखट-मीठ आणलं. आम्ही मागच्या पायरीवर बसलो. टोनी पन्नाशीचा, केस पिकलेले. "शी यूज्ड टू कॉल मी एव्हरी जून," तो म्हणाला. "आय ऑलवेज थॉट, नेक्स्ट इयर."

त्याने देठाचा तुकडा मोडला, बशीत बुडवला, खाल्ला. डोळे मिटले. मग बशी उचलून, मान मागे वळवून, त्याने ती स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे धरली.

"अजून तिखट," तो म्हणाला.

बशी बराच वेळ तशीच धरलेली होती. शेवटी मीच ती त्याच्या हातातून घेतली आणि तिखट आणायला माझ्या घराकडे निघालो.