काहीही न करण्याचं काम

शिन-कोबे सोडलं की गाडी बोगद्यात शिरते ती थेट तानिगामीलाच बाहेर येते. मध्ये स्टेशन नाही. दरवाजे बंद होता होता सुनंदावहिनींचा फोन आला आणि मी तो घेतला नाही. इथे जपानमध्ये गाडीत कुणी फोनवर बोलत नाही, आणि नऊ वर्षांत ती सवय माझ्याही अंगात भिनली आहे. मग मेसेज आला : ‘मेधा, उतरलीस की फोन कर.’ एवढंच. मी त्यांच्याच नवऱ्याला, अजितदादांना भेटायला हॉस्पिटलमध्ये निघाले होते. खरं तर त्यांची माफी मागायला. बोगदाभर मी दांडीला धरून उभी होते आणि मनात ते माफीचं वाक्य पुन्हा पुन्हा जुळवत होते. तानिगामीच्या फलाटावर फोन लावला तर वहिनींनी ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही. “गेले गं…” म्हणाल्या.

त्याला आता सात आठवडे झाले. अजितदादा इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे संशोधक. मी मुंबईच्या एका कंपनीची नोकरी घेऊन कोबेत आले तेव्हा माझा जीव लागला तो या दोघांच्या घरी. डोंगराच्या मागच्या अंगाला त्यांचं छोटं घर, पुढे चार पावलांची बाग. शहरात समुद्राकडे हवा बरी असते, पण डोंगरामागे थंडी हाडं गोठवते, बर्फही पडतो. दादा प्रेमळ होते असं आता सगळे म्हणतात. होतेच. पण आधी ते तापट होते, आणि हे लिहिलं नाही तर तेच माझ्यावर भडकतील.

गेल्या मे महिन्यात त्यांनी निळसर, टोकदार पानांचा एक युक्का आणला. दीड वीत उंचीचं खोड, वर पानांचा गोल झुबका. वाळवंटातलं झाड या थंडीत कसं टिकणार, असं मी विचारलं तर म्हणाले, “थंडीने मरत नाही ते. ओल्या थंडीने मरतं. पाय कोरडे ठेव, बर्फातसुद्धा उभं राहील.” मग दोन रविवार आमचे खोदण्यात गेले. चिकट माती काढून टाकली, खड्ड्यात खडी आणि हलका सच्छिद्र दगड भरला, वर ढिगारा केला. रोपाच्या मुळांची नर्सरीतली भुसभुशीत माती त्यांनी धुऊन काढली आणि मुळं सावलीत चार दिवस नुसती वाळत ठेवली. माझा जीव वर-खाली होत होता. लावतानाही खोडाचा बुंधा जमिनीच्या वर राहील असं लावलं. उन्हाळाभर बेताने पाणी दिलं, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं धरतील. ऑक्टोबरमध्ये नळाची तोटीच काढून खिशात टाकली. “तुम्ही पुणेकर बायका तुळशीला पाणी घालून घालून बिघडलेल्या आहात,” ते म्हणाले. “याला तुळस समजू नकोस.”

डिसेंबरमध्ये ते हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. वहिनी दिवसभर तिकडे. दादांनी मला बजावलं, “दर दोन दिवसांनी जाऊन बघ. काही करू नकोस. काहीही न करणं हेच तुझं काम.”

मला ते जमलं नाही. जानेवारीत बर्फ पडला आणि पानं खाली झुकून मलूल दिसायला लागली. शेजारच्या मोरी-सानांनी आपल्या अंगणातल्या झाडाला पेंढ्याची जाड गुंडाळी केली होती, इकडे तशी रीतच आहे. मला पेंढा कुठला मिळणार? ऑफिसात मालाच्या खोक्यांबरोबर येतो तो बबल रॅप मी त्यांच्या घरी नेला, झुबक्यासकट सगळं झाड गुंडाळलं, चिकटपट्टी लावली. आणि गुंडाळण्याआधी स्वयंपाकघरातून कोमट पाणी आणून तांब्याने वरून घातलं. एकदा नाही, चार वेळा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, दादांसाठी काहीतरी करतेय. त्यांच्या आजारापुढे माझे हात रिकामे होते, ते इथे कामाला लागले.

नंतर तीन दिवस ऊन पडलं. प्लास्टिकच्या आत थेंब जमले होते. सोडून बघितलं तर आंबूस वास आला. दादांनी शिकवल्याप्रमाणे मधलं पान धरून हलकंच ओढलं. ते हातातच आलं… खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत. गाभा कुजला होता.

त्या रविवारी दादांनी पहिला प्रश्न तोच केला. “मधलं पान ओढून बघितलंस?”

“घट्ट आहे,” मी म्हणाले.

आठवडाभर त्या दोन शब्दांनी मला झोपू दिलं नाही. पुढच्या रविवारी मी सगळं सांगून टाकलं, बबल रॅपपासून तांब्यापर्यंत. वाटलं होतं, हसतील. आजारी माणूस मऊ होतो असा आपला समज. ते उशीवरून अर्धे उठले. “झाड मेलं तर मेलं. पण तू खोटं बोललीस. इथे सगळेच मला बरं वाटावं म्हणून बोलतात. डॉक्टर बोलतात, ही बोलते. तू तरी मला खरं सांगशील असं वाटलं होतं.” धाप लागली. वहिनी पुढे झाल्या. दादांनी भिंतीकडे तोंड वळवलं आणि म्हणाले, “जा आता.” मी गेले. बुधवारी निघाले तेव्हा बोगद्यात तो मेसेज आला.

त्यांचे दिवस झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. त्यांच्या फोनमध्ये दादांनी सोमवारी, म्हणजे आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, माझ्यासाठी रेकॉर्ड केलेला निरोप होता. त्या दोन दिवसांच्या धावपळीत तो पाठवायचा राहिला, आणि नंतर वहिनींना तो आवाज ऐकण्याचा धीर होत नव्हता. आम्ही ओट्याशी उभ्या राहून ऐकला. “मेधा, सुरी स्पिरिटने पुसून घे. वरून सुरुवात कर, खोडाच्या बोटभर जाडीच्या चकत्या काढ. तपकिरी दिसलं की आणखी खाली जा… दर वेळी सुरी परत पूस. पांढरं, कोरडं लागेल तिथे थांब. वरून पाऊस पडणार नाही असं छप्पर कर. खालून नवा कोंब फुटू शकतो. फुटेलच असं नाही.” मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी वाट बघत होते, ते एक वाक्य येईल म्हणून. “आणि पाणी नाही,” ते म्हणाले, आणि निरोप संपला.

रागावलेलाच आवाज होता. मला रडू कोसळलं.

मग सुरी घेऊन आम्ही बागेत गेलो. पहिली चकती तपकिरी, दुसरी तपकिरी. तिसरीला तोच वास. खोड वीतभरच उरलं, पुढे फार जागाच नव्हती. वहिनी दर वेळी सुरी पुसून माझ्या हातात देत होत्या. सहाव्या चकतीला कडेपासून मध्यापर्यंत पांढरं लागलं. आम्ही दोघी खालीच बसलो. मग वहिनी उठल्या, आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. “दोन थेंब शिंपडते गं. किती कापलं आपण त्याला…” मी त्यांचं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवावं लागलं.

अजून कोंब आलेला नाही. येईल की नाही मला माहीत नाही, आणि कुणी विचारलं तर मी तसंच सांगते. रविवारी जाते. छपराखालचं ते वीतभर खोड बघते, शेजारी पायरीवर तासभर बसते, हात मांडीवर ठेवते आणि काहीही करत नाही.