अडलेली ओळ

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी रिबकाबाई शिरसाठ यांचे नाव घेईन. आईवडिलांनी मला जन्म दिला, पोटाला चिमटा घेऊन वाढवले. पण आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर या बाईंनी घडवला, आणि तोही स्वतःचा मुलगा मातीत ठेवून आल्यावर. गेल्या महिन्यात परळच्या एका इस्पितळात त्या गेल्या. तार आली तेव्हा शाळेची घंटा झाली होती. मी तार खिशात घातली आणि वर्गावर गेलो. माझ्या जागी त्यांनीही तेच केले असते.

आमच्या गावी माझे वडील मिशनच्या बंगल्यावर माळी होते. मॅट्रिक झाल्यावर आमच्या हेडमास्तरांनी मला चिठ्ठी देऊन कॉलेजसाठी मुंबईला रिबकाबाईंकडे पाठवले. त्याही आमच्याच शाळेत शिकलेल्या. विधवा, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका. डिलाईल रोडवरच्या चाळीत त्यांची एक खोली होती आणि तीत त्या आणि त्यांचा मुलगा सुधाकर. सुधाकर गिरणीत फिटर होता. मी दारात उभा राहून 'सलाम' म्हटले, तेव्हा त्यांनी चिठ्ठी न उघडताच विचारले, "जेवलास का रे?" सुधाकर आतून म्हणाला, "नाही म्हण. आज बोंबील आहेत." त्या दिवसापासून मी त्यांना मावशी म्हणू लागलो.

मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी राहणार, असे रेडिओवर जाहीर झाले त्या आठवड्यात सगळा गिरणगाव पेटला. आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे म्हणत, आंदोलन हे आपले काम नव्हे. सुधाकर हसून म्हणे, "मग मराठीत उपासना कशाला करता?" त्या दुपारी खाली आरडाओरडा ऐकून तो बघायला उतरला. मावशींनी कठड्यावरून हाक मारली, "वर ये रे, भात निवतोय." तो म्हणाला, "आलोच." गल्लीच्या तोंडाशी त्याला पोलिसांची गोळी लागली...

शहरात संचारबंदी होती. प्रेत इस्पितळातून परस्पर शिवडीच्या कबरस्तानात न्यायचे आणि मोजक्याच माणसांनी जायचे, असे सांगण्यात आले. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, गिरगावात अडकले होते. मंडळीतले कोणीच येऊ शकले नाही. मावशी, मी, शेजारचे धोंडू परब आणि त्यांचा भाऊ, एवढेच कबरीपाशी होतो. परब चाळीतल्या भजनात टाळ धरणारे. त्यांना आमचे काही माहीत नव्हते, तरी ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. प्रार्थना कोणी करायची हा प्रश्न पडला. मावशी मला म्हणाल्या, "तू म्हण. मी तुझ्या मागून म्हणते."

आम्हा ख्रिस्ती लोकांची एक नेहमीची प्रार्थना आहे. तीत देवाला, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असे म्हणायचे असते आणि लगेच पुढे रोजची भाकर मागायची असते. मी म्हणू लागलो. मागून मावशींचा आवाज येत होता. इच्छेच्या ओळीशी तो थांबला. मला वाटले, रडू आले असेल. पण भाकरीच्या ओळीला तो पुन्हा सुरू झाला, तसाच सरळ, कोरडा.

आठवड्याने मी ट्रंक भरायला घेतली. त्यांच्या दुःखात माझा भार नको, असे मला वाटले होते. त्या शाळेतून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "कुठे निघालास?"

"घरी."

"आणि परीक्षा?"

मी ट्रंकेचे झाकण लावले.

"एक गेला. दुसरा मी हातानं पाठवू होय? ठेव ती ट्रंक खाली."

सुधाकरची झोपायची जागा त्यांनी मला दिली. पहाटे त्याला जशा उठवत तशा मला उठवू लागल्या. एकदा चुकून त्याच्याच नावाने हाक मारली. मी 'ओ' दिली. त्यानंतर त्या चुलीकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिल्या...

दर रविवारी उपासनेला त्या न चुकता जात. सगळी मंडळी एका सुरात प्रार्थना म्हणे आणि त्या एका ओळीला मावशी तोंड मिटून घेत. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. शेवटी पाळकसाहेब घरी आले. भले गृहस्थ. चहा घेतला, हवापाण्याचे बोलले आणि मग म्हणाले, "रिबकाबाई, मंडळीत बोलणं होतंय. तुम्ही एक ओळ गाळता म्हणे."

"गाळत नाही, साहेब. अडते."

"मनात नसलं तरी म्हणत जा. म्हणता म्हणता येईल."

"त्याच्याशी खोटं बोलू? घरमालकाशी बोलते तेवढं पुरे की."

पाळकसाहेबांना हसू आवरेना, मग एकदम डोळे भरून आले. ते पुन्हा कधी त्याबद्दल बोलले नाहीत. ते गेल्यावर मी धीर करून विचारले, "मावशी, तुमचा देवावर विश्वास उरलाय का?" त्या कप विसळत होत्या. म्हणाल्या, "नसता तर केव्हाच म्हणून मोकळी झाले असते. ज्याचं काही वाटत नाही त्याच्यापुढे माणूस काय वाटेल ते बोलतं."

मी बी. ए. झालो, गावच्या मिशनच्या शाळेत लागलो. मावशींच्या पोटातले दुखणे बळावत गेले. यंदा मेच्या सुट्टीत मी इस्पितळात त्यांच्या उशाशी होतो, तेव्हाच मुंबईसह महाराष्ट्राचे राज्य झाले. परब पेढे घेऊन वॉर्डात आले. "मावशे, झाला गे आपला राज्य. चौकात सुधाकराचा नाव घेतला सगळ्यांनी." मावशींनी पेढा हातात घेतला. खाणे तर कधीच सुटले होते. म्हणाल्या, "तुमचं तोंड गोड होवो, परब. तुम्ही त्याच्या कबरीशी उभे होतात." परब भिंतीकडे तोंड फिरवून उभे राहिले.

निघायच्या दिवशी मी त्यांच्याजवळ प्रार्थना म्हटली. आवाज क्षीण झाला होता, तरी त्या मागून म्हणत होत्या. आणि त्याच ठिकाणी थांबल्या. मला भरून आले. त्या म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस. मी देवाकडेच निघालेय ना? दुसऱ्या कोणाच्या दारात थोडीच चाललेय. माझा सुधाकर का नेलास ते आधी तू सांग, असं म्हणेन. सांगितलंस की मीही म्हणते."

गावी आल्यावर मी त्यांना पत्र टाकले. परबांनी ते त्यांना वाचून दाखवले आणि नंतर मला परत पाठवले. ऐकून त्या काय म्हणाल्या, हे मी विचारलेले नाही. पत्र असे:

"तीर्थरूप मावशीस सप्रेम सलाम.

शाळा सुरू झाली. सातवीचा वर्ग मला दिला आहे. घरी सर्व ठीक. आईने तुमच्यासाठी मेतकूट केले आहे. कोणी येणारे भेटले की पाठवतो. तुम्हाला चालणार नाही हे तिला सांगायचा धीर होत नाही.

शाळेतली सकाळची प्रार्थना आता मी सांगतो. तुमच्या वतीने ती ओळ मी म्हणू का, असे त्या दिवशी तुम्हाला विचारायचे मनात होते. विचारले नाही. तुम्ही 'नको' म्हणाला असतात. म्हणून मी माझ्यापुरती म्हणतो आणि पुढे जाण्याआधी थोडा थांबतो. तेवढी जागा तुमची. मुलांना वाटते, सर विसरले. ती माझ्याकडे बघत राहतात. मग आम्ही सगळे मिळून भाकर मागतो."